खताच्या दुकानदारानं घरचाच खड्डा उपसला

आधी एक सांगून टाकतो, माझं खताचं दुकान आहे. खटाव तालुक्यात, सातारा जिल्हा. युरिया, डीएपी, पोटॅश, बियाणं, औषधं, जे लागेल ते. त्यामुळं खाली जे लिहितोय ते म्हणजे हलवायानं घरी गूळ पाडायला घेतल्यासारखं आहे, आणि गावात पण ते तसंच चघळून झालंय, तेव्हा हसायचं असेल तर हसून घ्या, मला आता सवय झालीय.

सुरुवात २०१६ ला झाली. तेव्हा गाव हागणदारीमुक्त करायचं वारं होतं, सकाळी गुड मॉर्निंग पथक फिरायचं, लोक टमरेल टाकून उसात पळायचे. आमच्या घरी जुनं संडास होतं ते पडायला झालेलं, म्हणून बारा हजाराच्या अनुदानात नवीन बांधलं. ग्रामसेवक म्हणाले सेप्टिक टँक नको, दोन शोषखड्ड्यांचं करा. म्हणजे भांड्याच्या मागं एक छोटं चेंबर, त्यातून वाय आकारात दोन पाईप, आणि दोन गोल खड्डे, प्रत्येकी साडेतीन फूट रुंद, चार फूट खोल, आतून वीटकाम जाळीचं, तळ उघडा मातीचा. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. दुसऱ्या पाईपच्या तोंडात वीट घालून बंद. पहिला भरला की वीट काढून तिकडं लावायची, आणि भरलेला खड्डा किमान वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा. पाणी जमिनीत मुरतं, गॅस मातीत जिरतो, उरतं ते खत. एवढीच त्याची करामत आहे, वायरिंग नाही मोटर नाही.

पण आमच्या गवंड्यानं वीट घातलीच नव्हती. हे मला कळलं पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, चेंबर तुंबलं म्हणून फरशी उचलली तेव्हा. दोन्ही पाईप मोकळे, दोन्ही खड्डे निम्म्याच्या वर भरलेले. गवंड्याला विचारलं तर म्हणे "दोन खड्डे दिलेत तर दोन्ही वापरा की, तेवढीच जागा जास्त". त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते दोन का आहेत. नंतर मी गावात सहज विचारत फिरलो तर बऱ्याच घरात हीच गत, काहींनी तर एकाच खड्ड्यातून दुसऱ्यात पाईप टाकलेला. मग मी स्वतः डाव्या पाईपात वीट बसवली, सिमेंट लिंपलं, चुन्यानं भिंतीवर तारीख लिहिली आणि विसरून गेलो.

मे २०२४ ला उजवा खड्डा काठाला आला. आता डावा उघडणं भाग होतं, अडीच वर्षं झालेली. हिचं म्हणणं पडलं कुणाला तरी बोलवा. आण्णांचंही तेच, त्यांनी तर दोन नावंही घेतली, कोणत्या वस्तीतली ते मी सांगायची गरज नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ती वस्ती सारखीच असते. मी पण निघालो, खोटं कशाला बोलू. त्यातल्या एका काकांना म्हटलं खड्डा उपसायचाय, हजार रुपये देतो. म्हणाले कशाचा खड्डा? मी म्हटलं संडासचा, पण काका तसं काही राहिलेलं नाहीय, अडीच वर्षं बंद आहे, मातीच झालीय. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मातीच झालीय तर मग तुम्हीच काढा की दादा."

याला काय उत्तर देणार. घरी येताना गाडीवर कान गरम झालेले. कारण मी स्वतः गेली दोन वर्षं लोकांना सांगत होतो की आतलं सगळं माती होतं, आणि ती माती उचलायला मात्र मला दुसरा माणूस हवा होता.

मला आठवलं, फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राचे स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणात वरंगळजवळच्या गंगादेवीपल्लीत स्वतः असल्याच एका खड्ड्यात उतरले होते आणि हातानं खत काढलं होतं, पेपरात फोटो आलेला. तेव्हा मी दुकानात बसून म्हटलेलं की फोटोपुरतं आहे सगळं. असेलही. पण तो माणूस दिल्लीतला सचिव होता आणि खड्डा लोकाचा होता, माझा तर घरचा होता.

तर रविवारी सकाळी सहाला सुरू केलं. आदल्या दिवशी झाकणाची फरशी सरकवून ठेवलेली, रात्रभर हवा खेळू दिली. (इथं एक गोष्ट नीट वाचा, हे फक्त दोन खड्ड्यांच्या बंद ठेवलेल्या संडासाबद्दल आहे. सेप्टिक टँकमध्ये कुणी म्हणजे कुणीही उतरायचं नाही, वास येवो न येवो, त्या गॅसनं माणसं जागच्या जागी गेलेली आहेत आणि वाचवायला उतरलेला पण जातो.) गमबूट, दुकानातले फवारणीचे हातमोजे, तोंडाला रुमाल. पोरगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा होता, तो लांब उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता, ते त्यानं कुठं टाकलं ते मला नंतर कळलं.

पहिलं खोरं मारलं तेव्हा मी श्वास रोखलेला. मग सोडला. काहीच नाही. म्हणजे वास होता पण तो पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसला, ओल्या मातीचा. रंग चहाच्या चोथ्यासारखा काळा, भुसभुशीत, मध्ये मध्ये गांडुळं नव्हती पण बारीक मुळ्या होत्या, शेजारच्या पेरूच्या झाडाच्या असाव्यात, जाळीच्या विटातून आत घुसलेल्या. त्या पेरूला एवढी फळं का लागायची ते त्या दिवशी कळलं. निम्म्याच्या वर भरलेला खड्डा बसून बसून दीड फुटाच्या थरावर आलेला. कंगव्याचा तुकडा निघाला, शाम्पूच्या पुड्या निघाल्या, आणि आईचं हरवलेलं कानातलं निघालं नाही, ज्याच्यासाठी ती दोन तास खुर्ची टाकून बसली होती.

अठ्ठावीस घमेली निघाली. साडेतीनशे किलोच्या पुढं भरलं असेल. शेवटची दहा घमेली काढायला आत उतरावं लागलं, तोपर्यंत मी रुमाल पण काढून टाकला होता. आण्णा पडवीतून बघत होते, आणि आठव्या का नवव्या घमेल्याला ते उठून आले, चिमूटभर बोटात घेतलं, चोळलं, हुंगलं, आणि म्हणाले "हे तर पांढरीचं आहे".

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडं गावाची जागा ती पांढरी आणि शेताची ती काळी. जुन्या गावठाणाची, पडक्या गढीची पांढरी माती लोक गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकायचे, पीक जोरात यायचं. इतिहासवाले लोक त्यानं वैतागतात, कारण टेकाडं खणून खणून जुन्या वस्त्यांचे पुरावे पिकात गेले. पण त्या मातीत जोर कुठला, तर शेकडो वर्षं तिथं माणसं-जनावरं राहिली, राख, शेण, हाडं, मुत्र सगळं तिथंच जिरलं, त्यातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीला धरून बसला. आण्णांच्या पिढीला हे रसायनशास्त्र बोटानं कळायचं. धनगराची मेंढरं रानात बसवायची तर आपण धान्य देतो, पैसे देतो, कशाबद्दल? लेंडी आणि मुताबद्दलच की. मेंढराचं चालतं, गाईचं तर बाटलीत भरून माझ्याच दुकानात विकतं. माणसाचं म्हटलं की तोंड वाकडं.

आणि माणसाचं पण चालत होतंच. सोनखत हा शब्द काही मी काढलेला नाही. इंग्रजांच्या काळात पुण्याच्या आसपासच्या उसाला शहराचा मैला वाळवून घातला जायचा. शब्द सोन्याचा आहे पण ती टोपली डोक्यावरून कुणी वाहिली ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मला वाटतं आपल्याकडं हा विषय अडतो तो किळसेपाशी नाही, तिथं अडतो. २०१३ च्या कायद्यात हातानं मैला उचलायला बंदी आहे त्यात एक बारीक शब्द आहे, "पूर्ण कुजण्याआधी". म्हणजे कायद्याला पण माती आणि मैला यातला फरक कळतो. गावाला पण कळतो, फक्त कोण उचलणार म्हटलं की कळेनासा होतो, जसा मला झाला होता.

कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम काढला, त्यांनी आयुष्यभर हेच केलं, संडास असा बांधायचा की खत पण होईल आणि दुसऱ्या कुणाला मैल्याला हात लावावा लागणार नाही. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपोषण केलं होतं, कशासाठी तर सफाईचं काम मला करू द्या म्हणून. गांधीजी येरवड्यात होते, त्यांनी पण साथ म्हणून उपवास धरला. आणि देहूला डॉक्टर मापुसकर १९५९ पासून होते, त्यांनी पुढं अख्खी हयात संडास आणि संडासाला जोडलेल्या बायोगॅसमध्ये घातली, २०१७ ला त्यांना पद्मश्री मिळाली पण ते बघायला ते राहिले नव्हते. ही माणसं आपल्याच राज्यातली, आणि मला शाळेत कुणी सांगितली नाहीत. मी शोधली ती खड्डा उपसल्यावर, पाठ धरली म्हणून दोन दिवस पडून होतो तेव्हा.

बरं. खत पंधरा दिवस उन्हात पसरलं, मग थोडं तपासायला दिलं. पिशवीवर "कंपोस्ट" लिहिलं, खोटं काहीच नाही त्यात. रिपोर्ट चांगला आला, सेंद्रिय कर्ब छान, स्फुरद चांगला, नत्र म्हणजे नायट्रोजन मात्र टक्काभर. शेणखतापेक्षा बरं, पण मी जेवढं डोक्यात धरलेलं तेवढं नाही. माझा हिशेब असा होता की सहा माणसं पाच वर्षं जेवली, डाळ भाकरी उसळ अंडी, एवढ्या प्रथिनातलं नत्र गेलं कुठं?

तर ते खड्ड्यात गेलंच नाही, किंवा गेलं आणि तळातून खाली निघून गेलं. हे मला खतवाला असून माहीत नव्हतं याची लाज वाटते. माणसाच्या अंगातून जे नत्र बाहेर पडतं त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या वर लघवीतून जातं. संडासातून जातं ते थोडंच. आणि लघवीतलं नत्र कशाच्या रूपात असतं, तर युरियाच्या. तोच युरिया, जो मी पोत्यात विकतो, अंगठा घेऊन, मशीनवर. शोषखड्ड्यात तो पाण्याबरोबर मुरतो, त्याचा नायट्रेट होतो आणि जातो विहिरीकडं. म्हणजे रोकडा माल जमिनीत सोडून मी कागद गोळा करत होतो.

इथून खरी गंमत सुरू झाली, आणि इथूनच घरात भांडणं पण.

गोठ्याच्या मागं आडोसा केला, एका वीस लिटरच्या औषधाच्या नाही, तेलाच्या कॅनवर मोठं नरसाळं बसवलं. नरसाळ्यात टेबल टेनिसचा बॉल. हे कुठंतरी वाचलेलं आणि खरंच भारी काम करतं, धार लागली की बॉल उचलतो, थांबली की भोकावर बसतो, वास आतच राहतो आणि हवा पण आत जात नाही. हवा महत्त्वाची आहे कारण लघवी दोन-चार दिवस ठेवली की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, झाकण उघडं राहिलं तर तो उडून जातो, म्हणजे नत्र गेलं आणि शेजारी पण गेले. झाकण घट्ट असेल तर तोच अमोनिया आतले जंतू मारतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात घरच्या घरी वापरायचं असेल तर फार ताणलेलं नाही, शेवटचा डोस आणि काढणी यात महिनाभर अंतर ठेवा म्हणतात, बाकीच्यांना विकायचं असेल तर मात्र पिकाप्रमाणं एक ते सहा महिने साठवा. मी आपला दोन महिने ठेवतो आणि कच्चं खायच्या भाजीला अजिबात घालत नाही. मका, नेपियर गवत, शेवगा, केळी, बस.

आण्णा लगेच तयार झाले, त्यांना तसंही रात्री तीनदा उठायला लागतं आणि गोठा जवळ पडतो. पोरगा नाही म्हणाला, मग हो म्हणाला, मग मित्रांनी चिडवलं म्हणून परत नाही म्हणाला. ही पहिल्या दिवशी जे बोलली ते इथं लिहीत नाही. आईची गोष्ट वेगळी, तिचे गुडघे गेलेत, रात्री तिला कमोडची खुर्ची लागते, तिचं भांडं मी सकाळी ओततोच, ते एका वेगळ्या कॅनमध्ये ओतायला लागलो. वेगळ्या का, तर तिला शुगरच्या गोळ्या आहेत, त्यातलं औषध बऱ्यापैकी तसंच लघवीतून बाहेर पडतं, म्हणून तिचा कॅन फक्त बांधावरच्या गवताला आणि सागाला. कुणाला अँटिबायोटिक चालू असेल तर त्या आठवड्यात कॅन बंद. हे नियम मीच केलेत.

पहिले दोन महिने नळी वापरली होती नरसाळ्यापासून कॅनपर्यंत, अर्ध्या इंचाची. ती तुंबली. कापून बघितली तर आतून पांढरट खडे जमलेले, चिवट. मी फेकणार होतो, मग वाचलं की तो स्ट्रुव्हाईट म्हणून क्षार असतो, मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट एकत्र येऊन बसलेलं, म्हणजे शुद्ध खत. कॅनच्या तळाशी पण तोच गाळ बसतो, तो ढवळून घ्यायचा, टाकायचा नाही. नळी मात्र काढून टाकली, थेट कॅनवर नरसाळं.

जुलै २०२४ ला चाऱ्याच्या मक्यावर ट्रायल घेतली. सहा सऱ्या. दोन सऱ्यांना युरिया, दोन सऱ्यांना लघवी एकास तीन पाणी घालून, दोन सऱ्यांना नुसतं शेणखत. सरीत ओतायचं, पानावर नाही, आणि लगेच माती ओढायची नाहीतर अमोनिया उडतो. पहिल्यांदा मी शहाणपणा केला, पाणी आणायचा कंटाळा आला म्हणून एका सरीला तसंच ओतलं, ते पण दुपारी बाराला आणि बुडापाशी. तिसऱ्या दिवशी खालची पानं कडेनं करपली. उरलेली बरोबर संध्याकाळी केली. महिन्याभरात लघवीच्या आणि युरियाच्या सरीतला फरक मला ओळखू येत नव्हता, आणि मी रोज पिकं बघून खतं सांगणारा माणूस आहे. शेणखताच्या सऱ्या पिवळसर आणि गुडघाभर खाली. शेजारच्या रानातले आप्पा बांधावर उभं राहून म्हणाले या दोन सऱ्यांना काय घातलंस रे? मी सांगितलं. त्यांनी हातातला मक्याचा धाट हळूच खाली ठेवला.

आता हिशेब, कारण शेवटी मी दुकानदार.

युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना. त्यात ४६ टक्के नत्र. आपल्याकडच्या जेवणावर एका माणसाच्या लघवीतून वर्षाला साधारण सव्वादोन किलो नत्र मिळतं, युरोपातल्या मांस-चीज खाणाऱ्याकडून याच्या दीडपट-पावणेदोनपट मिळेल. सहा माणसांचं थेंब न सांडता धरलं तरी चौदा किलोच्या आत. म्हणजे तीस किलो युरिया. म्हणजे पोतं पण नाही. म्हणजे वर्षाला पावणेदोनशे-एकशे ऐंशी रुपये! माणशी तीस रुपये. एक वीस लिटरचा कॅन मी गोठ्यापासून रानात पाठीवर नेतो त्यातल्या नत्राची बाजारात किंमत सव्वा रुपया पण होत नाही. हे मी एकदा पाटीवर मांडून बघितलं आणि नंतर बराच वेळ गप्प बसलो.

मक्याला शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे गुंठ्याला एक किलो दोनशे ग्रॅम, म्हणजे तेरा कॅन. तेरा कॅन एका गुंठ्याला! अख्ख्या घराच्या वर्षभराच्या मुतावर अकरा-साडेअकरा गुंठे भिजतात. ज्यांना वाटतं यानं खत कारखाने बंद पडतील त्यांनी आधी तेरा कॅन उचलून दाखवावेत. खरा अडथळा वास नाही, वजन आहे, नव्वद-पंच्याण्णव टक्के तर पाणीच. स्वीडनमध्ये गोटलंड बेटावर काही लोक म्हणूनच ती वाळवून गोळ्या करतात आणि बार्लीला घालतात. आपल्याकडं ऊन फुकट आहे पण उन्हात उघडी वाळवली तर अमोनिया उडून हातात मीठ राहील, त्यांनी त्यावर आधी रसायनानं तोड काढलीय.

पण हिशेबाची दुसरी बाजू पण मलाच दिसते, कारण ती माझ्याच काउंटरवर असते. २६६ रुपये ही पोत्याची खरी किंमत नाहीच, बाकीचं सरकार भरतं. आणि पोटॅश तर अख्खं बाहेरून येतं, पन्नास किलोची गोणी दीड हजाराच्या पुढं गेलीय. लघवीत पोटॅश बऱ्यापैकी असतं, सहा जणांचं वर्षाला बारा-तेरा किलो एमओपीएवढं (एमओपी म्हणजे गोणीतलं पोटॅश खत), म्हणजे रुपयात बघायचं तर नत्रापेक्षा पोटॅशच महाग भरतं, हे माझ्यासाठी पण नवीन होतं. वर थोडा स्फुरद. सगळं मिळून आठशेच्या आसपास जातं. आठशेसाठी कुणी कॅन उचलणार नाही, मला मान्य. पण ऑगस्टमध्ये खताचा रेक, म्हणजे मालगाडी, आलेला नसतो, दुकानापुढं सकाळी सातपासून रांग, वरून आम्हाला युरियाबरोबर नको असलेला माल गळ्यात मारलेला असतो, तो शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचा आणि शिव्या मी खायच्या. त्या दिवशी आठशे रुपये वेगळे दिसतात.

मर्यादा पण सांगतो. खारवट, चोपण रानात हे घालू नका, लघवीत मीठ असतं आणि आपल्याकडं बोअरचं पाणी आधीच मचूळ. आमच्याही एका पट्टीत मी घालत नाही. आणि पावसाळ्यात अडचण होते, रानात पाय बुडतो, पीक डोस घ्यायच्या स्थितीत नसतं, कॅन मात्र भरत राहतात. माणूस चार महिने थांबत नाही ना.

त्या काकांना मी नंतर एकदा दुकानात भेटलो, ते बियाणं न्यायला आलेले. मी म्हटलं काका, काढला मीच खड्डा. म्हणाले "ऐकलं, पोरानं मोबाईलवर दावलं", आणि घेवड्याच्या पिशवीचे पैसे मोजून निघाले. पुढं काही बोलणं झालं नाही. मला वाटलेलं होईल.

शेवग्याला खड्ड्यातलं खत झाडाला एक घमेलं घातलं होतं, त्या ओळीच्या शेंगा यंदा हिनं स्वतः तोडून आमटी केली, पाहुण्यांना पण वाढली, खत कुठलं ते सांगितलं नाही. आणि गेल्या जूनपासून आडोशाला आतून कडी बसवलीय, बसायला दोन विटा आणि पुढं उतरतं पत्र्याचं पन्हाळं. कुणासाठी ते मी विचारलं नाही, दुसरा कॅन मात्र आठवड्याला भरतोय.

उजवा खड्डा आता झाकून आहे, भिंतीवर चुन्यानं "मे २०२४" लिहिलंय. पुढच्या उन्हाळ्यात तो उघडायचा. पोरगा म्हणतो त्याची बारावीची सीईटी आहे, तो नसणार. सध्या गोठ्यामागं पावसाळ्याचे सतरा कॅन उभे आहेत, ओळीनं, झाकणावर तारखा, आणि दिवाळीला हिच्या माहेरची माणसं येणार आहेत म्हणून मला वसुबारसेपर्यंतची मुदत मिळालीय. काल चार कॅन नेपियरला घातले, आज वापसा बघून आणखी चार जातील.